नगरपरिषदेचं ऑडिट चार-चार वर्षं मागं का पडतं आणि ते जागेवर कसं आणायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत तुम्ही पहिल्यांदाच नगरपरिषदेवर निवडून आलात, सभेत हिशेब मागितला तर कळलं की २०२१-२२ नंतरचं ऑडिटच झालेलं नाही, आणि त्याआधीच्या अहवालात दोन कोटींच्या वर रक्कम 'आक्षेपाधीन' लिहिलेली आहे, तीच गावात व्हॉट्सअ‍ॅपवर 'दोन कोटींचा घोटाळा' म्हणून फिरतेय. उशीर का होतो, खरंच पैसे खाल्ले गेलेत का, आणि तुम्ही एक सदस्य म्हणून काय करू शकता, एवढं तुम्ही विचारलंय.

मी ३१ वर्षं नगरपरिषदांच्या लेखा विभागात काढली, क्लार्क म्हणून लागलो आणि लेखापाल म्हणून निवृत्त झालो, पाच गावं फिरलो. ऑडिट पार्टी, म्हणजे तपासणीचं पथक, आलं की त्यांच्यासमोर रेकॉर्ड घेऊन बसणारा माणूस मी असायचो. त्यामुळे सांगतोय ते त्या बाजूनं सांगतोय, आणि जरा मोठं होईल कारण अर्धवट सांगितलं तर तुम्ही सभेत चुकीच्या माणसाला धराल.

आधी एक गोंधळ दूर करू. 'ऑडिट' हा एकच शब्द आपल्याकडे चार वेगळ्या गोष्टींना वापरतात. पहिलं म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षा, हे खरं कायद्याचं ऑडिट, १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमाखाली होतं, वित्त विभागाच्या अखत्यारीतलं संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात त्यांचे सहायक संचालक बसतात. दुसरं म्हणजे सीए लोक दुहेरी नोंद पद्धतीनं वार्षिक लेखे, ताळेबंद वगैरे तयार करतात ते, लोक त्यालाही ऑडिट म्हणतात पण ते मुळात हिशेब लिहून देणं आहे. तिसरं एजीचं, म्हणजे महालेखापालांचं, ते दरवर्षी प्रत्येक गावात येत नाहीत, निवडून काही ठिकाणी येतात, आणि २०११ पासून स्थानिक निधीवाल्यांना तांत्रिक मार्गदर्शनही तेच करतात. आणि चौथं अंतर्गत लेखापरीक्षण, जे आपल्याच नगरपरिषदेतल्या माणसानं बिल द्यायच्या आधी करायचं असतं. तुमच्या गावात 'ऑडिट झालं नाही' म्हणतायत ते पहिलं. पण ते का झालं नाही याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यात आणि चौथ्यात सापडतं.

आता उशीर. सगळे म्हणतात ऑडिटवाल्यांकडे माणसं कमी आहेत, आणि ते खोटं नाही. एका जिल्ह्याच्या ऑफिसकडे जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींचा डोंगर, हे सगळं येतं आणि पार्ट्या मोजक्या. पण माझा अनुभव विचाराल तर निम्म्याहून जास्त उशीर आमच्या बाजूनं झाला. पार्टी यायची, आठ दिवस बसायची, आणि आमच्याकडे दाखवायला वर्षाचं बंद केलेलं कॅशबुकच नसायचं, कॅशबुक आणि बँक स्टेटमेंटचा ताळमेळ नसायचा, अनुदानाचं रजिस्टर अर्धवट, तसलमात म्हणजे आगाऊ उचलीच्या रजिस्टरमध्ये कुणाकुणाच्या नावावर जुन्या रकमा तशाच उभ्या. मग 'अभिलेखे सादर केले नाहीत' असा शेरा लिहून ते दुसऱ्या गावाला जायचे आणि आमचा नंबर परत लागायला वर्ष जायचं. असं दोनदा झालं की तीन वर्षं एकदम तपासायला घेतात, आणि तीन वर्षांचं ऑडिट म्हणजे तीनपट काम नसतं, त्याहून कितीतरी जास्त असतं, कारण माहिती असलेली माणसं तोवर बदलून गेलेली असतात.

म्हणजे ऑडिटचा उशीर वर्ष संपल्यावर, मार्चनंतर सुरू होत नाही. तो वर्षाच्या सुरुवातीलाच सुरू होतो, जेव्हा एप्रिलचा, म्हणजे पहिल्या महिन्याचा, बँक ताळमेळ न करता सगळे मे महिन्यात जातात.

हे कसं होतं ते एका खात्याचं उदाहरण देऊन दाखवतो, आकडे माझ्या वहीतले आहेत. एका गावात मी बदलून गेलो तेव्हा मालमत्ता कराच्या खात्याची मार्चअखेरची शिल्लक कॅशबुकप्रमाणे ४३,१७,८६० होती आणि बँक स्टेटमेंटप्रमाणे ४०,९९,१२५. फरक २,१८,७३५. आधीच्या माणसानं पेन्सिलीनं 'फरक शोधणे' एवढं लिहून ठेवलं होतं. मी आणि एक क्लार्क दोन दिवस बसलो. १,७४,६०० हे ३० आणि ३१ मार्चला लोकांनी ऑनलाइन भरलेले पैसे निघाले, पावती त्याच दिवशी फाटली पण बँकेत जमा झाले २ एप्रिलला, म्हणजे त्यात काहीच वावगं नव्हतं. ५२,३८५ हे सात चेक होते जे न वटता परत आले होते आणि कॅशबुकात त्यांची उलट नोंद कुणी केलीच नव्हती. आणि ८,२५० हे बँकेनं दिलेलं व्याज, ते आपल्या बाजूला लिहायचं राहिलं होतं. झालं, जुळलं.

त्यातले सात चेक बघा. त्या सात घरांच्या पावत्या फाटलेल्या, मागणी रजिस्टरला कर 'वसूल' दाखवलेला, आणि पैसे मात्र आलेलेच नाहीत. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याबद्दलची, नोटीस द्यावी लागते. आम्हाला ते एप्रिलमध्येच सापडलं म्हणून वसुली क्लार्कला घरोघरी पाठवलं, पाच जणांनी त्याच आठवड्यात रोख भरले, दोघांना नोटीस गेली. पुढच्या गावात असेच परत आलेले चेक मला चार वर्षं उलटून गेल्यावर सापडले, तिथं अकरा चेक होते, एक घर विकलं गेलेलं, एक मालक वारलेले, बाकीचे म्हणाले आमच्याकडे तुमचीच पावती आहे. काय करणार? त्यातलं जवळपास काही आलं नाही. कुणी एक पैसा खाल्ला नव्हता, फक्त महिना बंद केला नव्हता.

आणि हे एका खात्याचं झालं. तुमच्या नगरपरिषदेची किती बँक खाती आहेत हे कधी विचारून बघा. प्रत्येक योजनेला वेगळं खातं, नगरोत्थान, नागरी वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण, वित्त आयोग, स्वच्छ भारत, घरकुल, सुरक्षा अनामत, पेन्शन... मी एका 'क' वर्ग नगरपरिषदेत मोजली तर ४३ निघाली, त्यातल्या १६ खात्यांत दोन-दोन वर्षं व्याजाशिवाय काही व्यवहार नव्हता आणि तीन खात्यांचं पासबुकच ऑफिसात नव्हतं. लेखा विभागात माणसं किती, तर मी आणि दोन क्लार्क, त्यातला एक निवडणुकीच्या कामाला. ४३ खात्यांचा ताळमेळ दर महिन्याला करायचा म्हटलं तर बाकी काही करूच नका. म्हणून पहिलं काम मी नेहमी हेच केलं, बंद योजनांची खाती बंद करायची, शिल्लक शासनाला परत करायची ती चलनानं भरायची आणि स्वतःची असेल ती मुख्य खात्यात आणायची. कंटाळवाणं काम आहे, प्रत्येक खात्यासाठी बँकेत सहीचे नमुने बदलण्यापासून सुरुवात करावी लागते, पण ४३ ची २१ झाली तेव्हा ताळमेळ पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला होऊ लागला.

आता ते दोन कोटींचं. 'आक्षेपाधीन रक्कम' म्हणजे घोटाळ्याची रक्कम नव्हे, हे गावाला समजावून सांगणं तुमचं काम आहे आणि ते आधी करा, नाहीतर खरा दोष त्याच गोंगाटात दडून जाईल. ऑडिटरला एखाद्या खर्चाबद्दल जे दाखवायला हवं ते दाखवलं नाही तर तो पूर्ण रक्कम आक्षेपाखाली धरतो. तपासणी चालू असताना तो आधी अर्धसमास पत्र देतो, म्हणजे कागदाच्या अर्ध्या बाजूला त्याची शंका आणि उरलेल्या अर्ध्या बाजूला आपण खुलासा लिहायचा. खुलासा तिथल्या तिथं पुराव्यासकट दिला तर बरीचशी प्रकरणं अहवालात जातच नाहीत. दिला नाही तर तो परिच्छेद होतो, छापून येतो, आणि मग अनुपालन, म्हणजे आक्षेपाला पुराव्यासह उत्तर, करत बसावं लागतं. अहवालात आक्षेपाधीन वेगळं, वसूलपात्र वेगळं आणि अपहार तर एकदमच वेगळा लिहिलेला असतो. तुम्ही आधी ते शेवटचे दोन आकडे बघा.

एक पंपाचं प्रकरण सांगतो, मला ते अजून टोचतं. पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्ती, बिल ४ लाख १२ हजार. व्हाउचरला मोजमाप पुस्तिकेचा म्हणजे एमबीचा नंबर होता पण एमबी सापडत नव्हती, ज्या अभियंत्यानं मोजमाप घेतलं तो दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला. पूर्ण ४ लाख १२ हजार आक्षेपाधीन. वर्तमानपत्रात बातमी, पंपात चार लाख जिरले. तीन वर्षांनी पाणीपुरवठा विभागाचं कपाट हलवताना मागच्या बाजूला पडलेली एमबी सापडली, ती धुळीनं आणि पाण्यानं फुगलेली, पण पान वाचता येत होतं, मोजमाप बरोबर, काम बरोबर, पंप तर रोज पाणी उपसत होताच. परिच्छेदातले ३ लाख ८६ हजार निकाली निघाले. राहिले २६ हजार. ते कशाचे, तर मोटारीचं जुनं तांब्याचं वाइंडिंग काढलं होतं ते भांडाराच्या साठा नोंदवहीत जमाच झालं नव्हतं. ते तांबं कुठं गेलं हा खरा प्रश्न होता आणि तो ऑडिटरनं पहिल्या दिवशी बरोबर विचारला होता. पण तोवर भांडारपाल निवृत्त होऊन गावी गेले होते आणि भंगारवाल्याकडे कुठल्या वर्षीचं काय विचारणार. तर चार लाखांची नाहक बदनामी झाली आणि सव्वीस हजारांची खरी चूक सुटून गेली. त्याच वर्षी ऑडिट झालं असतं तर एमबी पण सापडली असती आणि तांबं पण.

म्हणून उशिराबद्दल मी एवढा तळमळून बोलतो. लोकांना वाटतं उशीर म्हणजे फक्त कागद मागं राहिले. तसं नाही, उशिरानं वसुलीचे सगळे दोर हातातून सुटतात. ठेकेदाराची सुरक्षा अनामत आपल्याकडे असते तोवर त्याच्या बिलात जास्त दिलेले पैसे, न कापलेला बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी, हे सगळं त्या अनामतीतून वळतं करता येतं. दोष दायित्वाची मुदत, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदारानं तो दुरुस्त करून द्यायची मुदत, संपली, अनामत परत गेली, की तुम्ही त्याला नुसती पत्रं लिहित बसता. अधिकाऱ्याचं पण तसंच. मुख्याधिकारी हे शासनाचे अधिकारी, त्यांना निवृत्तिवेतन नियम १९८२ लागू, त्यातला नियम २७ सांगतो की माणूस निवृत्त झाल्यावर, चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी त्याच्यावर नव्यानं विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. म्हणजे २०२२-२३ च्या व्यवहाराचं ऑडिट २०२८ मध्ये झालं आणि तो अधिकारी मधे निवृत्त झालेला असला, तर ऑडिटरनं कितीही अचूक बोट ठेवलं तरी खात्याची कारवाई होत नाही. फौजदारी गुन्ह्याची गोष्ट वेगळी, पण नव्वद टक्के प्रकरणं गुन्ह्याची नसतातच, हलगर्जीची असतात आणि हलगर्जीला विभागीय चौकशी हाच इलाज असतो.

तुमच्या गावात अजून एक भर पडली असणार. बऱ्याच नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि आरक्षणाच्या खटल्यांमुळे निवडणुका रखडल्या, तोवर प्रशासक. लेखापरीक्षा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा असतो, तिथं नगरसेवक प्रश्न विचारतात, भांडतात, इतिवृत्तात येतं. प्रशासकाच्या काळात सभा म्हणजे तेच आणि कार्यालय म्हणजेही तेच, काही ठिकाणी तर मुख्याधिकारीच प्रशासक. ज्यांच्या सहीनं खर्च झाला त्यांच्याच सहीनं अनुपालन मंजूर. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही, चांगले प्रशासक मी पाहिलेत, एकानं तर दर शनिवारी माझ्यासोबत बसून जुने परिच्छेद काढले, पण विचारणारं कुणी नसलं की मागं पडलेलं काम मागंच राहतं हे खरं आहे.

सुधारणा काहीच झाल्या नाहीत असं मात्र म्हणू नका. सगळ्यात मोठा धक्का वित्त आयोगानं दिला, ज्याच्या शिफारशीवर केंद्राचं अनुदान येतं. १४ व्या आयोगानं कामगिरी अनुदानासाठी लेखापरीक्षित लेख्यांची अट घातली होती, आणि १५ व्यानं, २०२१ ते २६ साठी, ती सगळ्याच अनुदानाच्या दारावर नेऊन बसवली. आधीच्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे लोकांना बघता येतील असे ऑनलाइन टाका, तरच पैसे. म्हणजे २०२४-२५ चं अनुदान हवं तर २०२३-२४ चे तात्पुरते आणि २०२२-२३ चे तपासलेले. पहिली दोन वर्षं राज्यातल्या २५ टक्के संस्थांनी केलं तरी चालत होतं, २०२३-२४ पासून ज्या संस्थेनं टाकले नाहीत तिला पैसे मिळायचे नाहीत. शहरांसाठी केंद्राचं सिटीफायनान्स पोर्टल आहे, तिथं जाऊन तुम्ही तुमच्या गावाचे ताळेबंद आत्ता बघू शकता, कुणाच्या परवानगीची गरज नाही. ज्या फाईली आम्ही पाच-पाच वर्षं पुढं ढकलल्या त्या या एका अटीनं चार महिन्यांत निघाल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. पाणी, कचरा, दिवाबत्ती या रोजच्या कामाचे पैसे अडायला लागल्यावर सगळ्यांना जाग आली.

पण यात एक गडबड आहे आणि ती तुम्हाला माहीत असायला हवी. मी ज्या दोन ठिकाणी हे काम केलं तिथं वर चढले ते सीएंनी तयार केलेले दुहेरी नोंदीचे लेखे होते, आणि स्थानिक निधीचा अहवाल त्याच वर्षाचा अजून यायचाच होता. दुहेरी नोंद पद्धत आपल्याकडे राष्ट्रीय नगरपालिका लेखा मॅन्युअल आल्यानंतर, म्हणजे २००४-०५ नंतर आली. चांगली आहे, जमा-खर्चासोबत देणी-येणी आणि मालमत्ता दिसतात. पण लहान गावांत काय होतं, वर्षभर आम्ही जुन्या पद्धतीनं कॅशबुक लिहितो आणि वर्ष संपल्यावर सीएंची मुलं येऊन त्यावरून टॅलीत सगळं उतरवतात. प्रारंभिक शिल्लक जुळत नाही तर फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे कारण न सापडलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात. शाळेची इमारत, पाण्याची टाकी कधीची, किती किमतीची कुणालाच माहीत नाही, तर मालमत्तेचा आकडा अंदाजे. मग नगरपरिषदेकडे दोन हिशेब होतात, एक आमच्या वहीतला आणि एक पोर्टलवरचा, आणि दोघांत काही लाखांचा फरक राहतो जो कुणाच्याच नजरेत नसतो. पोर्टलवर तुमच्या गावाचा ताळेबंद उघडलात तर आधी सस्पेन्सची ओळ शोधा. ती दरवर्षी वाढत असेल तर समजा आत महिना बंद होत नाहीये.

आपल्याकडेच असं होतं असं वाटून निराश होऊ नका, इंग्लंडमध्ये तर याहून वाईट अवस्था झाली. माझा भाचा तिकडच्या एका कौन्सिलात फायनान्सला आहे, त्याच्यामुळे मी त्याचं वाचत गेलो. तिथं पूर्वी ऑडिट कमिशन नावाची सरकारी संस्था होती, ती २०१५ मध्ये बंद केली आणि काम खासगी फर्मना दिलं. हळूहळू फर्म कमी झाल्या, माणसं मिळेनात, आणि ३० सप्टेंबर २०२३ ला ९१८ ऑडिट बाकी होती, त्या वर्षी वेळेत पूर्ण झालेली शंभरात एक. मग सरकारनं कडक तारीख घातली, २०२२-२३ पर्यंतचं सगळं १३ डिसेंबर २०२४ ला बंद, झालं असेल तेवढ्यावर. थकबाकी कागदावर संपली, पण शेकडो कौन्सिलांना ऑडिटरनं 'मत देता येत नाही' असं लिहून दिलं, आणि आता पुढच्या वर्षांची सुरुवातीची शिल्लक कुणीच तपासलेली नाही म्हणून ते परत उभं करायला त्यांना वर्षं लागणार आहेत. बर्मिंगहॅमनं एप्रिल २०२२ मध्ये नवीन ओरॅकल सिस्टिम सुरू केली, ती नीट चालेना, आणि एवढ्या मोठ्या शहराला आपले हिशेबच धड काढता येईनात. मला यातून दोन गोष्टी पटल्या. तारीख घालून साचलेलं काम संपत नाही, फक्त सोडून दिलं जातं. आणि सॉफ्टवेअर बदलायच्या आधी जुनी शिल्लक जुळवून घ्या, नाहीतर चूक तीच राहते, फक्त मशीनमध्ये जाते. आपल्याकडे कुणी सभेत 'नवीन सॉफ्टवेअर घेऊ, सगळं सुटेल' असा ठराव आणला तर हे आठवा.

मग करायचं काय. तुम्ही सदस्य आहात, लेखापाल नाही, तेव्हा स्वतः व्हाउचर चाळत बसू नका, त्यात तुमची पाच वर्षं जातील. तुम्ही योग्य कागद योग्य वेळी मागत राहा. प्रत्येक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मागील सभेनंतरच्या महिन्यांचा सर्व खात्यांचा बँक ताळमेळ हा कायमचा विषय ठेवायला नगराध्यक्षांना सांगा, एकच पान लागतं, खातं, कॅशबुक शिल्लक, बँक शिल्लक, फरक, फरकाचं कारण. पहिले तीन महिने तुम्हाला अर्धवट पान मिळेल, लेखा विभाग चिडेल, चिडू द्या, पण त्यांच्यावर ओरडू नका. लेखा विभागातल्या क्लार्कना निवडणूक, जनगणना, शिबिरं अशा बाहेरच्या कामातून सोडवणं जमत असेल तर ते आधी करा, कारण माणूस न देता ताळमेळ मागणं हा अन्याय आहे. मी स्वतः तो भोगलाय, रात्री नऊ-नऊपर्यंत एकटा बसलोय.

दुसरं, चार्ज. आपल्याकडे माणूस बदलून जातो तेव्हा चाव्या आणि शिक्के देतो आणि चार्ज झाला म्हणतात. सभेत ठराव करून घ्या की कुठल्याही विभागप्रमुखाचा चार्ज देताना त्याच्याकडच्या एमबी नंबरवार, तसलमातीच्या रकमा नाववार आणि प्रलंबित परिच्छेद क्रमांकवार, अशी यादी दोघांच्या सहीनं झाल्याशिवाय कार्यमुक्तीचं पत्र निघणार नाही. माझ्या शेवटच्या गावात एका मुख्याधिकारी मॅडमनी हे लावून धरलं. पहिल्याच बदलीला एका अभियंत्याकडून १४ एमबी निघाल्या, त्यातल्या तीन घरी होत्या. त्यानंतर त्या गावात एमबीअभावी एकही नवीन परिच्छेद लागला नाही. माझ्या सबंध नोकरीत एवढ्या कमी खर्चात एवढं मोठं काम झालेलं मी दुसरं पाहिलं नाही, एक कागद आणि दोन सह्या.

ऑडिट पार्टी येईल तेव्हा (आणि तुम्ही मागं लागलात तर येईल, सहायक संचालकांना नगराध्यक्षांच्या सहीचं पत्र द्या की अमुक वर्षांचं रेकॉर्ड तयार आहे, तयार असेल तरच द्या) एक माणूस फक्त अर्धसमास पत्रांसाठी नेमायला लावा. सकाळी आलेल्या पत्राचं उत्तर संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी. त्यांना बसायला नीट जागा, चालू पंखा आणि वर्षवार लावलेले व्हाउचरचे गठ्ठे द्या, एवढं केलं की निम्मं ऑडिट सरळ होतं. काही गावांत ऑडिटरला जेवणावळी आणि गाडी देऊन खूश ठेवायची पद्धत आहे, ती तुमच्या गावात असेल तर बंद पाडा. ज्याला जेवण घालावं लागतं तो ऑडिटर तुमच्या काही कामाचा नाही, तुम्हाला असा हवा जो तांब्याच्या वाइंडिंगबद्दल विचारेल.

जुन्या दोन कोटींचं म्हणाल तर तो अहवाल मागून घ्या. सदस्य म्हणून मिळायला हवा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, पानाला २ रुपये, ३० दिवसांत द्यावाच लागतो. आला की सगळा वाचू नका. मागं परिशिष्टात परिच्छेदवार रकमा असतात, त्यातून चार प्रकार बाजूला काढा: अपहार किंवा वसूलपात्र लिहिलेलं सगळं, ज्या ठेकेदारांची अनामत अजून नगरपरिषदेकडे आहे त्यांची बिलं, ज्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निवृत्ती दोन वर्षांत आहे त्यांच्याशी संबंधित परिच्छेद, आणि शासनाला भरायचा शिक्षण कर व रोजगार हमी उपकर लोकांकडून वसूल करून भरलाच नसेल तर तो. या शेवटच्यावर कुणी बोलत नाही कारण त्यात घोटाळा दिसत नाही, पण लोकांनी सरकारसाठी भरलेला पैसा नगरपरिषदेनं पगाराला आणि वीजबिलाला वापरलेला असतो आणि ते देणं वर्षानुवर्षं वाढत जातं. बाकीचे परिच्छेद, मंजुरीची सही राहिली, कोटेशन दोनच होती, झेरॉक्स जोडली नाही, असले, ते लेखापालांवर सोपवा आणि महिन्याला दहा निकाली काढायला सांगा.

अनामतवाली यादी मात्र तुम्ही स्वतः घ्या आणि आधी घ्या. अनामत रजिस्टर उघडून प्रत्येक कामाची परतीची तारीख बघा. मार्चअखेर आणि गणपतीच्या आधी ठेकेदार अनामत परत मागायला रांग लावतात, आणि आक्षेप असलेल्या कामाची अनामत त्या गर्दीत एकदा निघून गेली की ती रक्कम गावाला परत मिळवून देणं माझ्यासारख्यालाही कधी जमलं नाही. मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या की परिच्छेद क्रमांक अमुकमधल्या कामांची अनामत आक्षेप निकाली निघेपर्यंत देऊ नये, आवक-जावकचा शिक्का मारून पोच घ्या, आणि एक प्रत लेखापालांच्या टेबलावर ठेवा, कारण चेक शेवटी तेच लिहितात.